मिगचा मेकॅनिक

एक वैमानिक मिग घेऊन समुद्रापलीकडे डेन्मार्कला पळाला, तेव्हापासून कम्युनिस्ट पोलंडच्या त्या हवाई तळावर माणसाला स्वतःच्या सावलीचाही भरवसा वाटेना. कॉकपिटमध्ये लेफ्टनंटचे पट्टे आवळताना मेकॅनिक बोलेकला त्याच्या खिशात लेकीचा लोकरी हातमोजा दिसला. आजवर असं काही त्याने बरोबर नेलं नव्हतं. “साहेब, एवढ्याशा मोज्यात तुमचं बोट तरी मावेल का?” “तू पट्टे बघ, बाबा,” लेफ्टनंट नजर चुकवून हसला. शिडीखाली पक्षाचा माणूस उभा होता. “काही वेगळं दिसलं? तो पळाला, तर तुरुंगात तू.” “नाही, कॉम्रेड.” मिग झेपावलं. तासाभरात समुद्रावर धुकं उतरलं. बाकीची विमानं परतली, ते एक नाही. “पळाला तुझा साहेब,” म्हणत पक्षाच्या माणसाने शिपायांना खूण केली. बेड्यांसाठी हात पुढे करताना बोलेक धुक्याकडे बघत राहिला. बुडालेला नको, देवा, पळालेलाच असू दे.