सगळे आवाज सारखे

घरच्या सर्व्हरवर गाणी चढवून लेक म्हणाली, “बाबा, आता मोठा आवाज आपोआप खाली येईल, बारीक वर. सगळे सारखे.”

लेक निघून गेल्यावर बाबांनी हॉलमध्ये पहिलं लावलं ते वारलेल्या बायकोचं गुणगुणणं. ती भांडी घासत असताना फोनवर चोरून टिपलेलं. हयातभर ती हळूच बोलायची आणि हे हॉलमधून ओरडायचे, “मोठ्याने बोल गं, ऐकू येत नाही!”

आज स्पीकरमधून ती खणखणीत गात होती. मागचा नळसुद्धा स्पष्ट वाहत होता.

त्यांना राहवेना. त्यांनी हाक मारली. ओठ हलले, आवाज फुटला नाही. जीव तोडून ओरडले, तर नुसता श्वास निघाला.

गाणं थांबलं. नळ बंद झाला.

स्वयंपाकघरातून ती म्हणाली, “अहो, काय म्हणालात? मोठ्याने बोला ना, ऐकू येत नाही.”