इंजिनीअरबाईंचा प्रोसेसर

"मग यातला नक्की कुठला?" आईने तिसऱ्यांदा विचारलं आणि इंजिनीअरने तिसऱ्यांदा वहीत डोकं खुपसलं.

इंजिनीअर म्हणजे तिची दहावीतली लेक. गेल्या सुट्टीत तिने व्हिडिओ बघून बघून, एकटीने, जेवणाच्या टेबलावर अख्खा कॉम्प्युटर जोडला होता. तेव्हापासून घरात तिचं खरं नाव कुणी घेईना. बल्ब गेला, बोलवा इंजिनीअरला. इस्त्री तापेना, बोलवा इंजिनीअरला. फक्त तो कॉम्प्युटर तेवढा तिचं ऐकत नव्हता. साधी कामं करायचा, पण व्हिडिओचे तुकडे जोडायला घेतले की रडत रडत चालायचा आणि फट्कन बंद पडायचा. शाळेची फिल्म सोमवारी द्यायची होती. "प्रोसेसर कमी पडतोय, नवाच लागणार," इंजिनीअरने डॉक्टरच्या थाटात निदान केलं होतं.

घरी वहीत सगळं कसं स्पष्ट होतं! इथे दुकानात मात्र डोक्यावर लाल पाट्या लोंबत होत्या. सूट! महासूट! आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'पर्यंत'.

"मॅडम, हा सहा कोअरचा, हा आठ, हा दहा," टायवाला सेल्समन सांगत होता. "नावाच्या शेवटी के असेल तर तो जास्त पळतो. एफ असेल तर चित्र दिसायला वेगळं कार्ड लागतं. आणि के आणि एफ दोन्ही असतील तर..."

"तर जास्त पळतो, पण दिसत नाही," आई म्हणाली.

सेल्समनने मान डोलावली. आईला कळलं होतं, आणि आपल्याला अजून नाही, हे इंजिनीअरच्या लक्षात आलं.

"पण तुमच्या जुन्या बोर्डावर नवा बसणार नाही हं. म्हणजे बोर्डही घ्यावा लागेल. मग रॅमही."

"हो, ते... माहितीये मला," इंजिनीअर म्हणाली. तिला काडीचंही माहीत नव्हतं. वहीतले आकडे आता मुंग्यांसारखे इकडून तिकडे पळत होते.

आईची नजर पुन्हा समोरच्या मोबाइलच्या काउंटरकडे गेली. खरं तर ती फोनसाठी आली होती. ती सोफ्यांची कव्हरं शिवते आणि ऑर्डरी घेते फोनवर. त्या फोनचा आवाज कानाला लावून ऐकूच येत नाही, नुसता स्पीकरवर चालतो. कुणाचं कव्हर आखूड झालं की त्याची बोलणी सगळी गल्ली ऐकते. पण फोन आणि प्रोसेसर, दोन्हींतलं एकच जमणार होतं.

"फोन पुढच्या सेलला घेऊ ना गं," इंजिनीअर सकाळी म्हणाली होती. "बोलता तर येतंय तुला!"

"येतंय," आई म्हणाली होती. "तुझं आधी."

'जुना प्रोसेसर द्या, जास्त सूट मिळवा' म्हणून अख्खा कॉम्प्युटरच सोबत आणला होता. आणला होता म्हणजे, आईने शिवलेल्या कव्हरात. झालर लावलेल्या! दुकानभर लोक वळून बघत होते आणि इंजिनीअरला वाटत होतं, जमिनीने पोटात घ्यावं. आईचं हे असंच. फ्रिजच्या दारावर अजून कंपनीचं प्लॅस्टिक. रिमोट पिशवीत. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरचा पापुद्रासुद्धा तसाच, त्यामुळे पाच वाजलेत की सहा, ते कधी कळतच नाही. "अगं आई, वस्तू वापरायला असतात, झाकून ठेवायला नाही!" हे भाषण इंजिनीअर आठवड्यातून दोनदा तरी देत असे.

जुना प्रोसेसर तपासायला मागच्या टेबलावर दुरुस्तीवाल्या बाईंनी झालरीचं कव्हर बाजूला केलं, स्क्रू काढले आणि आत डोकावून पाहिलं.

"कुणी जोडलाय हा?"

"मी!"

"छान जोडलायस गं. वायरी तर वेणी घातल्यासारख्या."

इंजिनीअर दोन इंच उंच झाली. मग बाईंनी प्रोसेसरवरचा पंखा सोडवला, उलटा केला आणि चष्मा वर सरकवला. चिमट्याने त्याच्या तळाचं काहीतरी अलगद सोलून त्यांनी काउंटरवर ठेवलं. पारदर्शक चौकोनी तुकडा होता. कडांनी करपलेला, मधे सुरकुतलेला. त्यावर लाल अक्षरांत छापलं होतं: बसवण्यापूर्वी काढावे.

"नव्या पंख्याला हे प्लॅस्टिक असतं," बाई म्हणाल्या. "ते काढलंच नाहीस. प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत पोचणार कशी? बिचारा इतके दिवस तापून तापून बंद पडतोय. प्रोसेसर चांगला आहे. नवा कशाला हवाय?"

सेल्समनने हळूच आपले खोके आवरायला घेतले.

इंजिनीअरला ते जेवणाचं टेबल लख्ख आठवलं. पंख्याचा तो चकचकीत, आरशासारखा तळ. तिचं नख त्या प्लॅस्टिकच्या कोपऱ्यापर्यंत गेलंही होतं. आणि मग तिला वाटलं होतं, राहू दे. नवं आहे. ओरखडा पडेल.

ती आईकडे बघेना. आता आई बोलणार. घरी जाऊन सगळ्यांना सांगणार. संपलं इंजिनीअरपण!

आईने तो करपलेला तुकडा उचलून उजेडात धरला, वाचला, परत ठेवला. मग मोबाइलच्या काउंटरवर गेली, बोटाने एक फोन दाखवला, घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या खोकं उघडलं. फोनच्या काचेवर नवंकोरं प्लॅस्टिक होतं. आईने त्याचा कोपरा नखाने उचलला आणि जन्मात पहिल्यांदाच, चर्रकन, एका झटक्यात ते ओढून काढलं.

तो तुकडा तिने लेकीच्या हातात ठेवला.

"हे घ्या, इंजिनीअरबाई. तुमचं जुनं खराब झालं ना!"