तुळसा पुढं गेली

"जेव वो तुळसाबाई, तू जेव आधी," हौसाबाई म्हणाली आणि भाकरीचा पहिला तुकडा तिनं सुनेच्या गळ्याशी नेला.

ओसरीवर बसलेल्या कारकुनाचे कान टवकारले. तो वाशिमहून तट्टावर बसून रिठदला आला होता, चौकशीला. पैनगंगेपलीकडं मोगलाईत, निजामाच्या मुलखात, पलेग माजला होता. साहेबाचा हुकूम निघाला होता, की मोगलाईतून आलेलं माणूस परत नदीपार घालवा, आणि वऱ्हाडात ठेवायचंच असेल तर कायम रहिवासाचा अर्ज करा. हौसाबाईच्या लेकानं, चंपतनं, आपल्या बायकोसाठी तो केला होता. पंचफुला नदीपलीकडची. लग्नाला वरीस झालं होतं, आणि तिकडं तिच्या माहेरात आता दार उघडायलाही कोणी उरलं नव्हतं.

"तुळसाबाई कोण?" कारकुनानं विचारलं.

"मोठी सून," हौसाबाई म्हणाली. "मेडशीची."

"म्हणजे आपल्या वऱ्हाडातलीच. कुठं आहे?"

हौसाबाईनं वर पाहिलं, खाली पाहिलं. "पुढं गेली."

"मळ्यात?"

"त्याच्या बी पुढं."

"येणार कधी?"

"येऊ नाई म्हणून तं हे सारं करून राह्यलो, सायेब!"

तुळसा पटकीच्या साथीत गेली, हे रिठदात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तर पंचफुलाच्या गळ्यात सवतीची चांदीची पुतळी होती. दुसरपणाच्या बायकोनं ती घालायचीच. नवं लुगडं आधी पुतळीला लावायचं, पहिला घास पुतळीला द्यायचा, आणि तिच्यासमोर एक शब्द कधी उच्चारायचा नाही. 'मेली' म्हटलं, की तिला वाटतं आपलं घर सुटलं. मग ती आपली जागा मागायला येते. तुळसानं जिवंतपणी सासूला चूल फुंकायला बसवलं होतं. मेल्यावर ती नरमली असेल, असं घरात कोणीच धरून चाललं नव्हतं.

कारकुनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला नियम ठाऊक होता.

"घरात वऱ्हाडातली बायको असली तर मोगलाईच्या बाईला कायम रहिवास नाही," तो म्हणाला आणि त्यानं दौतीला झाकण लावलं. "शिपाई पाठवतो. दिवस मावळायच्या आत हिला पैनगंगेपार सोडतील."

पंचफुला उंबऱ्याशी आली. पदर कपाळाच्याही खाली ओढलेला. गळ्यातली पुतळी दोन डोळे बाहेर काढून साऱ्यांकडं पाहत होती.

"मला नका धाडू हो," ती हळूच म्हणाली.

"'मला' नाई वो, 'मले' म्हण, मले!" हौसाबाई अशा वेळीही पुटपुटली. "वरीस झालं शिकवून राह्यली, पण हिची जीभ काई मोगलाई सोडत नाई."

चंपत ओसरीच्या खांबाजवळून पुढं सरकला. घरात नवऱ्यालाही बोलता येतं, हे त्याला या वरसातच कळलं होतं. पंचफुला त्याचं सारं ऐकून घ्यायची, वर हसायचीसुद्धा.

"सायेब, जरा अंगणात या. तुमच्या कानात सांगतो."

"जबाब कानात होत नाही. अर्जदारानं बाईसमोरच द्यायचा. तुळसाबाई हयात आहे का नाही? एका शब्दात सांगा."

भर दुपार होती. अमावस्या होती.

"चंपत, नोको रे बाप्पा," हौसाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. "पुतळी ऐकून राह्यली."

चंपतनं पुतळीकडं पाहिलं. मग पंचफुलाकडं पाहिलं. तिनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"मेली!" तो ओरडला. "तुळसा मेली, सायेब! दोन सालं झाले, मेली!"

कुठं काही पडलं नाही, फुटलं नाही. फक्त चुलीचा धूर आढ्यापर्यंत गेला, तिथं क्षणभर थांबला आणि आल्या वाटेनं खाली उतरला. पंचफुला शिंकली आणि आत वळली. सैपाकघरात चांदी किणकिणली.

"हे आधी नाही का सांगायचं!" कारकून खूश झाला. त्यानं झाकण काढलं, टाक बुडवला, लिहिलं, शिक्का मारला, कागदावर फुंकर घातली. "बोलवा तिला. या पंचफुलाबाई, हा घ्या परवाना. आता तुम्ही वऱ्हाडच्या. अगदी कायमच्या!"

चंपतला हसू फुटलं. वरीसभरात तो आईसमोर एवढा मोठ्यानं हसला नव्हता.

आतून ती आली. उंबऱ्याशी थांबली नाही. थेट ओसरीवर आली, कारकुनासमोर. पदर खांद्यावर, हात कमरेवर. पुतळीनं तोंड फिरवलं होतं. ती आता तिच्या छातीत तोंड खुपसून, पाठ बाहेर करून पडली होती, रडणाऱ्या पोरीसारखी.

चंपतचं हसू तोंडातच राहिलं. हौसाबाई मुकाट्यानं उठली, आत गेली आणि कोणी न सांगताच चूल फुंकायला बसली.

तिनं परवान्याकडं पाहिलं. मग चंपतकडं पाहिलं, पुरतं, वरपासून खालपर्यंत.

"मले कायले पायजे परवाना?" ती म्हणाली. "मी मेडशीची. थे पंचफुला तं पुढं गेली."