खड्यांखालची अंडी

पावलं पुन्हा उमटली होती. काठावरच्या चिखलात दोन, आणि मग थेट पाण्यात.

ह्यूब वाकून बघत राहिला. "रबरी बूट. मांडीपर्यंतचे, आपण वापरतो तसले. म्हणजे माणूस आपल्या मासेमारी क्लबमधलाच आहे."

अंबरीश साथीच्या नियमाप्रमाणे दीड मीटर लांब उभा होता. त्याला पावलांपेक्षा पाण्याची काळजी होती. काठापासून चार हातांवर, गुडघाभर पाण्यात, खड्यांचा एक लांबट उंचवटा होता. नोव्हेंबरात एका सॅमन मादीने शेपटीने तळ उकरून तिथे अंडी घातली होती. समुद्रातून मास नदीत आणि बंधारे चढत मास्ट्रिख्टजवळच्या या ओढ्यात ती कशी पोचली, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. क्लबमधल्या म्हाताऱ्यांनीही इथे रानटी सॅमनचं घरटं कधी पाहिलं नव्हतं. एप्रिलपर्यंत खडे हलले नाहीत, तर पिल्लं बाहेर येणार होती. वर माणूस उभा राहिला, तर अंडी चिरडली जाणार होती.

उंचवट्याचं एक टोक आता सपाट झालं होतं.

"परवा इथे काळं बारीक बी पडलेलं होतं," ह्यूब म्हणाला. "चारा टाकतोय. आई मासा अजून इथेच आहे असं वाटतंय त्या गाढवाला."

"मला नाही दिसलं."

"वाहून गेलं असेल. आणि तुझ्यावर संशय नाही, घाबरू नकोस. मासे न खाणारा मासेमार अख्ख्या लिंबुर्ग प्रांतात तू एकटाच."

अंबरीश हसला नाही. गेल्या वसंतात, घरात बसून काम करताना भिंती अंगावर यायला लागल्या, तेव्हा तो या क्लबमध्ये आला होता. गळाला लागलेला मासा तो परत सोडून द्यायचा. नोव्हेंबरपासून त्याने गळही टाकला नव्हता. नुसती राखण करत होता.

"सापडला की पोलीस," ह्यूब म्हणाला. "दंड, आणि जन्मभर परवाना बंद. माझा सख्खा भाऊ असला तरी."

"उद्या उजाडायच्या आत मी येऊन बसतो."

"मीही येतो. दोघांना परवानगी आहे."

घरी अप्पा जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून फोन वाचत बसले होते.

"तुझ्या आईचा मेसेज आलाय. म्हणते, पथ्य सांभाळा, थंडीत जपा." त्यांनी चष्मा काढला. "हल्ली फार गोड लिहिते. पूर्वी दोन ओळींत चार टोमणे असायचे."

"आजारपणात माणूस मवाळ होतो, अप्पा," अंबरीशची बायको प्रांजली म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

"घसा कसा आहे म्हणे? बोलायला कधी देणार तिला?"

"वेळ लागेल. नळीमुळे आवाज गेलाय," अंबरीश म्हणाला.

अप्पांनी मान डोलावली.

अंबरीशची आई सरलाबाई डिसेंबरात पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये, व्हेंटिलेटरवर असताना गेल्या होत्या. मेसेज अंबरीशची बहीण लतिका लिहीत होती, आईच्या फोनवरून. अप्पा तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाल्याने अडकले. ऑक्टोबरात त्यांना हार्ट अटॅक आला. इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं: प्रवास नाही, धक्का नाही, रोज सकाळी चालणं. वसंतातल्या तपासणीनंतर सांगू, असं भावाबहिणीने ठरवलं होतं.

"मला नाही जमत आता हे," अप्पा खोलीत गेल्यावर प्रांजली म्हणाली. "काल विचारत होते, सरलासारखी आमटी येते का तुला. मला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडावा लागला."

"एप्रिलपर्यंत."

"तुझं सगळं एप्रिलपर्यंतच असतं."

रात्री पाणी प्यायला आलेल्या अप्पांनी विचारलं, "काय रे, तुझी अंडी बरी आहेत ना?"

"कुणीतरी तुडवतंय."

"अरेरे. कुठे आहेत ती?"

"ते घरीही सांगायचं नाही, अप्पा. क्लबचा नियम आहे."

"असू दे, असू दे. काही गोष्टी न सांगितलेल्याच बऱ्या."

पहाटे अंबरीश शेडमधून सायकल काढायला गेला. त्याचे रबरी बूट खिळ्याला लटकत होते, अजून ओलेच. जानेवारीत इथे काही वाळत नाही. आज पाण्यात उतरायचं नव्हतं. बूट तिथेच ठेवून तो निघाला.

ह्यूब झुडपांमागे आधीच बसला होता. ओढ्यावर धुकं होतं. उजाडलं तरी पलीकडचा काठ नीट दिसेना.

मग चिखलात बूट रुतल्याचा आवाज आला. टोपी, मफलर, मांडीपर्यंतचे बूट. हातात गळ नव्हता. तो माणूस हळूहळू पाण्यात उतरला आणि खड्यांच्या उंचवट्यावर, दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला. ह्यूबने फोन वर धरला.

तेवढ्यात त्या माणसाचा आवाज आला, आणि अंबरीशने ह्यूबचा हात खाली दाबला. दीड मीटरचा नियम दोघेही विसरले.

"ओळखीचा आहे?" ह्यूब कुजबुजला.

"माझे वडील."

"हे करतायत काय?"

"पाणी देतायत. घरातल्या मेलेल्या माणसांना. आमच्यात असतं तसं. वाहत्या पाण्यात."

"माझ्या घरट्यावर?"

"त्यांना माहीत नाही. मी सांगितलंच नव्हतं." त्याने ह्यूबचा हात सोडला. "दोन मिनिटं थांब. आटोपलं की मीच उतरवतो त्यांना."

ह्यूबने फोन खिशात टाकला.

अंबरीश ऐकत राहिला. आजोबांचं नाव. पणजोबांचं. त्यांच्या वडिलांचं. मग आजीचं, आणि अप्पांच्या आजोळच्या माणसांची नावं. दर पितृपक्षात ऐकून त्याला तो क्रम पाठ होता. तिथे तो संपायचा. अंबरीश उठून उभा राहिला.

अप्पांनी पुन्हा ओंजळ भरली आणि अंबरीशच्या आईचं नाव घेतलं.