हॅगर्टीचा फोन

"अरे, काढा त्याला बाहेर!" थर्मन टीव्हीवरच्या फुटबॉल मॅचसमोर हात नाचवत ओरडला. "चेंडू आपल्या माणसाला द्यायचा असतो, हे कुणी सांगितलंय का त्या पोराला?"

"पोरगा बरोबर फेकतोय," सोफ्यावरून क्लीव्ह शांतपणे म्हणाला. "पळणारेच भलत्या जागी पळतायत. क्वार्टरबॅकला शिव्या घालणं सोपं असतं, लेका. सगळा खेळ त्याच्या हातात, मग सगळ्यांना तोच दिसतो."

"आणि तो दुसऱ्या कॉलेजातून आणलेला उंच पोरगा? बाकावर बसून नखं खातोय. तुझ्या कोचला डोळे आहेत का बटणं?"

"विकत आणलेला पोरगा तो. कोचनं घरी यावं, पोराच्या आईच्या हातचं खावं, मग पोरगा निवडावा. त्याला निवडणं म्हणतात."

"वा रे वा! तुझ्या घरी कोण आलं होतं? हॅगर्टीनं तुला साधा फोनसुद्धा केला नाही!"

हा टोमणा चाळीस वर्षं जुना. क्लीव्ह गावच्या शाळेचा क्वार्टरबॅक होता, अख्ख्या अलाबामात असा हात नाही असं लोक म्हणायचे. स्टेट कॉलेजचा कोच हॅगर्टी त्याला आपल्या संघात नेणार, हे सगळं गाव धरून चाललं होतं. फोन काही आला नाही. क्लीव्ह कागदाच्या गिरणीत लागला, थर्मननं टायरचं दुकान टाकलं. दर शनिवारी मॅच बघताना थर्मन हा टोमणा मारायचा आणि क्लीव्ह पोट धरून हसायचा.

आज तो हसला नाही. उठला, स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीवरच्या जुन्या फोनखाली खुर्ची ओढून बसला.

थर्मननं जीभ चावली. हॅगर्टीचं नाव घ्यायला नको होतं. दोन वर्षांपासून क्लीव्हचं डोकं मागं मागं सरकत चाललं होतं. दुपारपर्यंत तो आजच्यात असायचा. ऊन कललं की अठरा वर्षांचा व्हायचा आणि फोनखाली जाऊन बसायचा. कोचचा फोन येणार म्हणायचा.

"आता जेवणार नाही. झोपणारही नाही," ओझेला म्हणाली. क्लीव्हची बायको ती, शाळेपासूनची दोघांची मैत्रीण. "पाय बघितलेस त्याचे? खांबासारखे सुजलेत. डॉक्टर म्हणतात, असाच बसून राहिला तर पुढच्या महिन्यातला थँक्सगिव्हिंगचा सण बघणार नाही. मी हात जोडते, रडते. उठतच नाही."

थर्मनच्या डोळ्यांत चमक आली. गावाला ही चमक माहीत होती. ती दिसली की लोक आपापली पाकिटं आणि गाड्यांच्या चाव्या चाचपायचे.

"त्याला हॅगर्टीचा फोन हवाय ना? मग येऊ दे की फोन!"

हॅगर्टी मरून कितीतरी वर्षं झाली होती. त्याचा आवाज मात्र थर्मनच्या घशात ठणठणीत जिवंत होता. शाळेत असताना त्या आवाजानं त्यानं हेडमास्तरांना उभं राहून 'येस सर' म्हणायला लावलं होतं. पाद्रीबुवांना स्टेटच्या मॅचची फुकट तिकिटं कबूल केली होती. खुद्द क्लीव्हला तर कितीदा उल्लू बनवलं होतं.

ओझेला त्याच्याकडे बघतच राहिली. "तू नको, थर्मन."

"का? माझ्याइतका हुबेहूब कुणाला जमतो?"

आत खुर्ची कुरकुरली. क्लीव्हनं पाय हलवला असावा, कारण पाठोपाठ तो कण्हला.

"कर," ओझेला म्हणाली आणि आत गेली.

थर्मन अंगणातल्या आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला. समोर स्वयंपाकघराची खिडकी. त्यानं घसा खाकरला, तंबाखूचा बार भरल्यासारखा गाल फुगवला आणि मोबाइलवरून नंबर लावला.

"क्लीव्हलँड बॅटल आहे का? स्टेटवरून कोच हॅगर्टी बोलतोय."

खिडकीत क्लीव्ह ताडकन उभा राहिला. शर्ट खोचला. सुजलेल्या पायांवर तो सरळ उभा होता, अगदी पोरासारखा.

"येस सर."

"पोरा, जागा तुझी. माझा क्वार्टरबॅक तू."

थर्मननं बाहीनं डोळे पुसले. जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण ही सगळ्यांत भारी, असं त्याला वाटलं. आता हा जेवेल. आता झोपेल.

"सर, आधी तुमची माफी मागायचीय," क्लीव्ह म्हणाला. "त्यासाठीच बसलो होतो इथं. त्या दिवशी तुमचा फोन आला आणि मी तुम्हाला आईबहिणीवरून बोललो. फोन आपटला. मला वाटलं, माझा दोस्त थर्मनच आहे. तो तुमचा आवाज काढतो, सर. सारखा फसवायचा मला. म्हटलं, या वेळी नाही फसणार."

थर्मनचा फुगवलेला गाल हळूहळू खाली बसला. खिडकीत ओझेला दिसत होती. तिला नवल वाटलेलं नव्हतं. तिनं फक्त पाठ फिरवली.

"सर? आहात ना?"

"आहे."

"नंतर आमच्या शाळेच्या कोचकडून कळलं, ते तुम्हीच होता. तुम्ही दुसरा पोरगा घेतलात. घ्यायलाच हवा होता, माझी तक्रार नाही. फक्त थर्मनला हे कळू देऊ नका, सर. मी कुणालाच बोललो नाहीये, एका ओझेलाला सोडून. त्याला कळलं तर तो पुन्हा कुणाची नक्कल करणार नाही. आणि तो गप्प झाला, तर मला या गावात राहवणार नाही."

थर्मनच्या घशात त्याचा स्वतःचा आवाज दाटून वर येत होता. तो त्यानं गिळला.

"नाही सांगणार, पोरा," हॅगर्टी म्हणाला.