रविंद्रचा प्रोग्राम

इंदापूरजवळच्या दूध संघात कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली आणि गावोगावच्या दुधाचा हिशोब ठेवणारा, रविंद्रनं लिहिलेला प्रोग्राम उघडेना. ‘लायब्ररी सापडत नाही’ एवढंच पडद्यावर यायचं; प्रोग्राम ज्या जोडफाईलवर चालायचा, ती नव्या सिस्टीममध्ये नव्हती. रविंद्र डाळजजवळच्या अपघातात गेल्यावर त्याची बायको करुणा त्याच्याच खुर्चीवर कामाला लागली होती. पुण्याचा इंजिनियर म्हणाला, “मॅडम, मूळ कोड कुठंच नाही. हे पुसून नवीन टाकू.” “संध्याकाळपर्यंत थांबा,” ती म्हणाली. रविंद्रनं शिकवलेलं आठवत तिनं जुन्या डिस्कमधली ती लायब्ररी शोधून वेगळी ठेवली आणि प्रोग्रामला तिचा पत्ता दिला. पुन्हापुन्हा चुकली. शेवटी पडद्यावर गावांची नावं उतरली. “जमलं की वो, वयनी!” मॅनेजर तात्या ओरडले. “पुढच्या वेळी सिस्टीम बदलली की परत अडेल,” इंजिनियर म्हणाला. “परत जोडीन,” करुणा म्हणाली. सगळे चहाला गेले. कसं जोडलं, हे कुणीच विचारलं नाही. ते खोदून खोदून विचारणारा एकच होता; ती बसली होती ती खुर्ची त्याची होती.