चार नंबरचा बिघाड

"हा चार नंबर मेला, मी जवळ गेले की बावचळतो!" लॅबमधली आमची डिझायनर पुटपुटली. सहा जणांच्या हृदयाचे ठोके एकदम टिपणारा बोर्ड तिनं बनवला होता आणि चाचणीला आम्हालाच वायरी चिकटवून बसवलं होतं. पडद्यावर पाच रेघा शहाण्यासारख्या चालल्या होत्या. चौथ्या इनपुटचा फिल्टर तिनं बदलला, वायर नवी लावली, तरी ती तपासायला वाकली की ठोके सुसाट! आम्ही पाच जण ओठ दाबून छताकडे बघत होतो.

"डिझाइनच फसलंय. साहेबांना सांगून टाकते," ती रडवेली झाली.

चार नंबरच्या खुर्चीतला लालबुंद होत म्हणाला,

"बोर्ड खरं बोलतोय गं. मीच इतके दिवस बोलत नव्हतो."